रक्तशाप (मत्तय २७:२५)

रक्तशाप : नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २७व्या अध्यायातील २५व्या वचनाला रूढ झालेले नाव. हे नाव बायबलमध्ये कुठेही आढळत नाही, नंतरच्या वाचकांनी दिलेले आहे. ‘यहुद्यांनी देवाला मारले आणि ते पाप पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी आहे’ या आरोपाला सर्वांत मोठा आधार याच वचनात शोधला गेला.

प्रसंग येशूच्या खटल्याचा आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात पाणी मागवून लोकसमुदायासमोर हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताचा दोष आपल्याकडे नाही, असे सांगतो. त्यावर सर्व लोक म्हणतात, ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो.’ मार्क, लूक व योहान यांच्या शुभवर्तमानांत हे वाक्य नाही. मत्तयाची शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. हात धुण्याच्या वेळी समोर असतो तो मूळ ग्रीकमधला ‘ओख्लॉस’ म्हणजे जमाव. लगेच पुढच्या वचनात उत्तर देतो तो ‘लाओस’, म्हणजे लोक, प्रजा. अंगणात मावेल एवढा जमाव एका शब्दाने अख्खे राष्ट्र होऊन बसला.

वधस्तंभाची शिक्षा रोमन होती आणि ती देण्याचा अधिकार पिलाताकडे होता. तो इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियावर होता. समकालीन यहुदी तत्त्वज्ञ फिलो त्याला क्रूर म्हणतो आणि लूकच्या शुभवर्तमानातही (१३:१) त्याने गालीली लोकांचे रक्त सांडल्याचा उल्लेख आहे. हात धुणारा हळवा न्यायाधीश या चित्रात बसत नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. मत्तयाचे लेखन त्यानंतरच्या एकदोन दशकांतले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिर गेल्यावर खरा इस्राएल कोणता, यावर यहुद्यांतच जोराचा वाद चालू होता, आणि येशूला मानणारे मत्तयाचे लोक त्या वादातला एक पक्ष होते. भाऊबंदकीत उच्चारलेला कठोर शब्द आणि परक्याने सत्तेच्या बळावर उच्चारलेला तोच शब्द यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. या वचनाचे पुढे जे झाले, त्याचे मूळ या फरकात आहे.

‘रक्त माथी असो’ हा जुन्या करारातला जबाबदारी पत्करण्याचा नेहमीचा वाक्प्रयोग (यहोशवा २:१९, २ शमुवेल १:१६). तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेनने मात्र मत्तयाच्या वचनाचा अर्थ जगाच्या अंतापर्यंतच्या सर्व यहुद्यांवर लादला. त्याआधी दुसऱ्या शतकात सार्दीसचा बिशप मेलितो यानेही देवहत्येचा आरोप केला होता. अंत्युखियात ३८६-८७ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरू योहान ख्रिसोस्तोमने यहुद्यांविरुद्ध जी प्रवचने दिली, ती यहुदी सणांना सिनॅगॉगमध्ये (यहुद्यांच्या प्रार्थनागृहात) जाणाऱ्या आपल्याच ख्रिस्ती श्रोत्यांना अडवण्यासाठी होती. शेजार अजून इतका जवळचा होता. रोमन साम्राज्य मात्र ख्रिस्ती झाले होते, आणि वादातला शब्द आता कायद्याच्या व शस्त्रांच्या जवळ आला होता. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स व माइन्झ येथे यहुद्यांची कत्तल केली. ख्रिस्ताच्या रक्ताचा सूड घेत आहोत, असे ते म्हणत.

रक्तातून उतरणाऱ्या कलंकाची कल्पना गोव्यातही पोचली. १५६० मध्ये सुरू झालेल्या तेथील इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, पहिल्या सावजांत पोर्तुगालहून आलेले ‘नवे ख्रिस्ती’, म्हणजे धर्मांतरित यहुद्यांचे वंशज होते. वनौषधींचा अभ्यासक गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली. त्याच काळात उत्तरेला कोकणात बेने इस्राएली हे तेथले यहुदी, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने, घाणे चालवत होते आणि त्यांना असा छळ सोसावा लागला नाही.

फ्रेंच इतिहासकार झ्यूल इझाक यांची पत्नी व मुलगी नाझींच्या हातून मारल्या गेल्या. ख्रिस्ती शिकवणुकीतील ‘तिरस्काराचे शिक्षण’ उघड करण्याचे काम त्यांनी युद्धकाळातच हाती घेतले होते. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथील ख्रिस्ती-यहुदी परिषदेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र स्वीकारले. येशूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याचा आधारही नव्या करारातलाच होता : रोमकरांस पत्रात (अध्याय ९ ते ११) पौल ठामपणे सांगतो की, देवाने आपल्या लोकांना टाकून दिलेले नाही. जर्मनीतील ओबरामरगाउ गावच्या, येशूच्या दुःखसहनावरील पारंपरिक नाट्यातून रक्तशापाची ओळ जायला मात्र २००० साल उजाडले.

वचन शास्त्रात आहे आणि वाचलेही जाते. कॅथलिक पंचांगानुसार दर तिसऱ्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) मत्तयातील येशूच्या दुःखसहनाचे वर्णन वाचतात. अनेक चर्चमध्ये ते पात्रानुसार वाटून वाचले जाते, आणि तेव्हा ‘त्याचे रक्त आमच्यावर’ हे शब्द समोर बसलेले भाविक स्वतः म्हणतात.