आंत्रज्वराचा अन्नातून प्रसार

साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होणारा व दूषित अन्नपाण्यावाटे पसरणारा ताप. बोलीत टायफॉईड किंवा मुदतीचा ताप. औषधाविना तो साधारण तीन आठवडे राहतो, त्यावरून ‘मुदतीचा’ हे नाव पडले असावे. पाठ्यपुस्तकांतील ‘विषमज्वर’ ही संज्ञा मात्र वादाची आहे. आयुर्वेदात तिच्यात एकाआड एक दिवस वा चौथ्या दिवशी येणारे तापही मोडतात, आणि ती वर्णने हिवतापाशी जुळतात. त्यातला ‘संतत’ हा प्रकार सात, दहा किंवा बारा दिवस सलग राहतो, म्हणून काही अभ्यासक त्यालाच टायफॉईड मानतात. घोटाळा टाळण्यासाठी ‘आंत्रज्वर’ हाच शब्द अधिक योग्य वाटतो.

हा जंतू एबर्टने १८८० च्या सुमारास पाहिला. गाफकीने १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. त्याचा आसरा फक्त माणूस. बरे झालेल्या शंभरांपैकी दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात, विशेषतः तिथे खडे असल्यास, तो वर्षानुवर्षे राहतो व मलावाटे बाहेर पडतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. १९०६-०७ मध्ये तिचा माग काढणाऱ्या सोपर यांचा संशय कच्चे पीच चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर गेला, कारण शिजवलेल्या अन्नातले जंतू आचेने मरतात.

नागपूरच्या नाश्त्याला हाच न्याय लागू पडतो. तर्री-पोह्यांची तर्री रटरटत असते, तोवर ती निर्धोक. धोका पोह्यांवर हाताने पेरलेल्या कच्च्या कांद्यात, सांभारात (म्हणजे कोथिंबिरीत) आणि शेजारच्या पाण्याच्या पेल्यात. शहराला पेंच व कन्हानचे पाणी शुद्ध करून मिळते. पण नळ बंद असताना फुटक्या वाहिनीत गटाराचे पाणी शिरू शकते, किंवा साठवणीच्या टाकीत हात बुडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की रसवंतीवर गर्दी होते. उसाचा रस उकळलेला नसतो, आणि बर्फात जंतू तगून राहतात. दुधात तर ते वाढतातही, चव वा वास न बदलता.

जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते दोन आठवडे जातात. रुग्ण कालच्या जेवणाला दोष देतो, आणि खरा पेला केव्हाच विसळून झालेला असतो.