वाळवंटातली शर्यत वारा ठरवतो

16 ऑक्टोबर 2016. कतारची राजधानी दोहा. पुरुषांची जागतिक रोड सायकलिंग स्पर्धा, अंतर 257 किलोमीटर, चढ जवळपास शून्य. असा सपाट रस्ता म्हणजे सगळे घोळक्याने शेवटापर्यंत येणार आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जो सुसाट सुटेल तो जिंकणार, असाच बहुतेकांचा होरा होता. चर्चा चालली होती ती उन्हाची. पारा 37 अंशांच्या आसपास, एवढ्या उन्हात सायकल चालवायची कशी?

प्रत्यक्षात निकाल लावला वाऱ्याने. शहर सोडून रस्ता उघड्या वाळवंटात वळला, वारा बाजूने घुसला आणि काही मिनिटांत घोळक्याचे तुकडे झाले. शेवटची रेषा तेव्हा दीडशेहून अधिक किलोमीटर लांब होती. बेल्जियमचे सहा जण पुढच्या तुकडीत होते, कारण आपल्या देशात असल्या वाऱ्यातच ते लहानाचे मोठे झालेले. जर्मनीचे किटेल आणि ग्राइपेल, म्हणजे त्या काळातले दोन धडाकेबाज स्प्रिंटर, मागे राहिले ते राहिलेच. स्लोवाकियाचा पेटर सागान जिंकला, ब्रिटनचा कॅव्हेंडिश दुसरा, बेल्जियमचा बूनेन तिसरा.

वाळवंटी देशात नवी व्यावसायिक सायकल शर्यत सुरू होते तेव्हा पहिला प्रश्न नेहमी उन्हाचा येतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. शर्यत बघण्यासारखी होणार की कंटाळवाणी, याचं उत्तर आधी वाऱ्यात आणि मग चढांमध्ये शोधावं लागतं. सौदी अरेबियातली अलउला टूर ही अनेक टप्प्यांची शर्यत हे त्याचं सध्याचं चांगलं उदाहरण.

आधी वाऱ्याचं गणित. ताशी 45 किलोमीटर वेगाने एकटा जाणारा सायकलस्वार फक्त हवा बाजूला सारण्यात साधारण 375 वॅट खर्च करतो. पुढच्याच्या पाठीला चिकटून गेला की त्यातला तिसरा हिस्सा सहज वाचतो. म्हणून तर सगळे घोळक्याने जातात. आता वारा बरोबर काटकोनात, बाजूने, ताशी 30 किलोमीटरने वाहतोय असं धरा. तो तोंडावर येत नाही, मग त्रास कशाला व्हावा? पण अंगावर येणारी हवा म्हणजे स्वतःचा वेग आणि वारा यांची दिशा धरून केलेली बेरीज, आणि ती येते तिरकी: ताशी सुमारे 54 किलोमीटरने, समोरच्या दिशेशी साधारण 34 अंशांचा कोन करून. त्या हवेचा पुढे जाण्याला होणारा अडथळा काढला तर 375 चे 450 वॅट होतात. बाजूचा वारासुद्धा वीस टक्के जादा वसूल करतो.

खरी गोम पुढे आहे. हवा तिरकी येते म्हणजे आडोसाही तिरका सरकतो. तो आता पुढच्याच्या थेट मागे मिळत नाही, मागे आणि एका बाजूला मिळतो. म्हणून स्वार रस्त्यावर तिरकी रांग धरतात, तिला एशलॉन म्हणतात. पण रस्ता काही अमर्याद रुंद नसतो. सात-आठ मीटरच्या डांबरावर बारा-पंधरा जणांची तिरकी रांग बसली की जागा संपते. सोळाव्याला कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून, बिनआडोशाने, ते 450 वॅट एकट्याने ओढावे लागतात. तो पाच मिनिटं तग धरतो, मग त्याच्या पुढे फट पडते, आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यासकट गेले. ताकदीचे संघ हे मुद्दाम घडवून आणतात: रस्ता वळायच्या आधी पुढे जाऊन बसायचं आणि वळण संपताच वेग वाढवायचा.

वाळवंटात हे वरचेवर होतं, कारण जमिनीलगत वाऱ्याला अडवायला झाडं नाहीत, घरं नाहीत, कुंपणंही नाहीत. शिवाय दिवसाचं एक वेळापत्रक आहे. रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची गार, जड हवा तळाशी बसून राहते आणि वरचा जोरदार वारा वरच्या वर निघून जातो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि वरचा वेग खाली उतरतो. सकाळी शांत असलेला रस्ता दुपारी भणाणतो. शर्यतीचे शेवटचे तास नेमके दुपारचेच.

पण नुसत्या वाऱ्यावर शर्यत जगत नाही. कतारची टूर 2002 मध्ये सुरू झाली, वाऱ्यामुळे जाणकारांची लाडकी झाली, बूनेनने ती चारदा जिंकली. तरी 2016 ची आवृत्ती शेवटची ठरली. पुढच्या वर्षी प्रायोजकांअभावी ती रद्द झाली. रस्त्याच्या कडेला प्रेक्षक जवळपास नसायचे, आणि वारा पडला त्या दिवशी टीव्हीवर दिसायचं ते चार तास सरळ डांबर.

अलउलाकडे कतारला नसलेली एक गोष्ट आहे: उंची. ही शर्यत 2020 मध्ये सौदी टूर या नावाने रियाधच्या परिसरात सुरू झाली, टूर द फ्रान्स भरवणारी एएसओ ही कंपनीच ती भरवते. 2022 मध्ये ती वायव्येकडच्या अलउलाला हलली. इथे वालुकाश्माचे कडे आहेत, नबातियन या प्राचीन अरब लोकांनी खडकात कोरलेली हेग्रा इथली थडगी आहेत (2008 पासून जागतिक वारसा), आणि वर हर्रत उवैरिद हे काळ्या बेसॉल्टचं लाव्हाचं पठार आहे. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटेल. त्या पठारावर चढणारा रस्ता 2.8 किलोमीटरचा, सरासरी चढ 12 टक्के, काही ठिकाणी 22. सायकलसकट 72 किलोचा स्वार 400 वॅट लावूनही तिथे ताशी 17 किलोमीटरच्या पुढे जात नाही. त्या वेगात हवेचा अडथळा नगण्य, म्हणजे कुणाच्या मागे लपून फायदा नाही. जो हलका आणि दमदार, तो सुटतो. आणि वर पोचल्यावर उघडं पठार, तिथे पुन्हा वारा. 2025 मध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने ही शर्यत जिंकली ती चढांच्याच जोरावर.

आता उन्हाचं. 300 वॅट पायडलवर पोचवणारं शरीर आत हजारेक वॅट उष्णता तयार करतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच. एक लिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला तर पावणेसातशे वॅट घेऊन जातो. अट एकच, तो वाळला पाहिजे, नुसता टपकून उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या दमट दोह्यात इथेच घोडं अडतं. अलउला समुद्रापासून आत, हवा कोरडी, आणि शर्यत जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, जेव्हा दुपारी पारा विशीत असतो आणि सकाळी चक्क जाकीट लागतं. युरोपात तेव्हा रस्त्यांवर बर्फ असतो, संघ खुशीने येतात.

फेब्रुवारीही कधी दगा देतो. 2015 मध्ये ओमानच्या शर्यतीत आधी वाळूचं वादळ, मग प्रचंड उष्मा. उतारावर ब्रेक दाबून तापलेल्या चाकांचे टायर फुटायला लागले, स्वार एका पुलाच्या सावलीत थांबले आणि तो टप्पा रद्द करावा लागला. त्या काळचे ब्रेक थेट चाकाची कड घासायचे. तीनशे मीटर खाली उतरताना ऐंशी किलोच्या वजनाची सुमारे 2.35 लाख ज्यूल ऊर्जा असते, ब्रेक दाबून ठेवला तर तिचा मोठा भाग टायरच्या शेजारीच उष्णता होऊन साठायचा. आता डिस्क ब्रेक आले, ती उष्णता चाकाच्या मध्याशी राहते. डांबरावर उडून आलेली वाळू मात्र तशीच आहे. वळणावर तिचे कण टायरखाली सांडलेल्या ज्वारीसारखे गडगडतात. झाडणाऱ्या गाड्या पुढे पाठवण्यापलीकडे त्यावर उपाय नाही.

म्हणजे निसर्गाच्या बाजूने या शर्यतीचं नीट जमलंय. अवघड आहे ते बाकीचं. तिचा दर्जा अजून 2.1 आहे, म्हणजे सायकलिंगच्या सर्वोच्च जागतिक मालिकेच्या दोन पायऱ्या खाली. शेजारची यूएई टूर 2019 पासून त्या सर्वोच्च मालिकेत आहे, आणि दोन्ही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. पैसा सरकारी आहे, पर्यटन वाढवण्यासाठीचा. खेळाच्या आडून देशाची प्रतिमा उजळण्याचा हा खटाटोप आहे अशी टीका मानवाधिकारवाले करतात, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सरकारी पैशाची आणखी एक खोड: प्राधान्यक्रम बदलला की तो एका सहीने बंद होतो. पुढच्या चार-पाच वर्षांत शर्यत एक पायरी वर सरकली आणि एखादा सौदी स्वार पहिल्या तुकडीत टिकला, तर ती रुजली म्हणता येईल. यातलं दुसरं जास्त अवघड दिसतं. बाजूच्या वाऱ्यात जागा धरणं हे प्रयोगशाळेत मोजून येणारं कौशल्य नाही, त्यासाठी लहानपणापासून दर आठवड्याला धक्काबुक्कीत सायकल चालवावी लागते, आणि तसल्या लहान लहान शर्यती तिथे आधी सुरू व्हायला हव्यात.