चेता ऊती

चेता ऊती म्हंजे मेंदू, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातनं जाणारा दोर) आणि तिथनं हातापायापर्यंत गेलेल्या नसा ज्याच्या बनल्यात ती ऊती, म्हंजे पेशींचा समूह. आधी एक घोळ मिटवू. आमच्या सांगलीकडं रक्ताची ती पण शीर, कंबरेतनं पायात कळ मारते ती पण शीर, आणि रात्री पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर चढली', ते तर दोन्ही नाही, तिथं स्नायू आखडलेला असतो. इथं नस म्हंजे फक्त नर्व्ह, निरोप नेणारी-आणणारी, रक्ताची नव्हे.

मुख्य पेशी चेतापेशी उर्फ न्यूरॉन, माणसाच्या मेंदूत अशा साधारण ८,६०० कोटी. पेशीचं धड, त्याला फांद्यांसारख्या फुटलेल्या वृक्षिका ज्या निरोप घेतात, आणि अक्षतंतू नावाची शेपटी जी निरोप पुढं पाठवते. कंबरेपासनं पायापर्यंत जाणारा तंतू केसापेक्षा बारीक पण मीटरभर लांब, आणि तो एकाच पेशीचा! सोबतीला ग्लिअल पेशी असतात, त्या पोषण, साफसफाई बघतात आणि तंतूवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण गुंडाळतात. नसांमध्ये हे गुंडाळायचं काम श्वान पेशींचं (कुत्र्याचा संबंध नाही, थिओडोर श्वान हा जर्मन शास्त्रज्ञ होता). कुष्ठरोगाचा जंतू याच पेशींत घर करतो, म्हणून चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही.

निरोप विजेचा असतो पण वायरीतल्या करंटसारखा नाही. तंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट कमी दाब असतो, निरोप आला की सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर जातो, आणि हीच उलथापालथ पुढं पुढं सरकत जाते. मायलिन असेल तर ती मधल्या उघड्या जागांवरनं उड्या मारत जाते, जाड तंतूत सेकंदाला १२० मीटरपर्यंत. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम १-२ मीटर. तोडलेल्या उसाच्या फडात अनवाणी चालताना बुडखा टोचला की आधी चटकन एक तीक्ष्ण कळ येते, पाय उचललेला असतो (हा हुकूम मेरुरज्जूच देतो, मेंदूला नंतर कळतं), आणि मग मागनं ती ठणकणारी, शिवी आणणारी कळ. दोन कळा, दोन वेगळे तंतू.

खरी गंमत जोडावर आहे. एक पेशी दुसरीला बहुतेक ठिकाणी चिकटलेली नसते, मधे सूक्ष्म फट असते, अशा जोडाला सिनॅप्स म्हणतात. फटीपर्यंत वीज, फटीत मात्र रसायन. नस आणि स्नायूच्या जोडावर ते रसायन म्हंजे असिटिलकोलिन, ते सुटलं की स्नायू आवळतो आणि लगेच एक एन्झाइम त्याला तोडून टाकतं. बत्तीस शिराळ्याची ओळख ज्या नागामुळं, त्याचं विष स्नायूकडच्या बाजूला जाऊन असिटिलकोलिनची जागाच अडवून बसतं. मण्यारीचं विष त्यावर कडी, ते रसायन सोडणारी टोकंच खराब करतं, म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावली तर फारसं दुखत पण नाही आणि सकाळी पापण्या उचलत नाहीत, पुढं श्वास बंद पडू शकतो. आणि तासगावकडं द्राक्षबागेत औषध मारतात त्यातली ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं बरोबर उलटं करतात, तोडणारं एन्झाइमच बंद, मग रसायन साठत जातं, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडायला लागतात. तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणाऱ्यांनी हे वाचावं, कारण ते कातडीतनं पण आत जातं.

तुटलेली नस जुळते का? मेंदू आणि मेरुरज्जूत जवळपास नाहीच. हातापायात जुळते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर या चालीनं. कोयत्यानं मनगटाची नस तुटली आणि टाके नीट पडले तरी बोटाच्या टोकापर्यंत जाण परतायला सहाएक महिने, तोवर चहाचा कप गरम आहे का ते दुसऱ्या हातानंच बघायचं.