सुरक्षित गावाचं प्रमाणपत्र: मिळतं कसं, टिकतं कशावर

पावसाळ्यात कोल्हापूरकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या. कितव्या फुटाला जनावरं सोडवायची आणि कधी घर सोडायचं, हे प्रयाग चिखली-आंबेवाडी या पूर झेलणाऱ्या गावांत कुणाला शिकवावं लागत नाही. पाणी रोज मोजलं जातं आणि आकडा घरोघरी पोचतो म्हणून हे शक्य होतं. गावानं आपला धोका असाच मोजावा आणि तो कमी करायला स्वतः उभं राहावं, या कल्पनेवर जगभर ‘सुरक्षित समुदाय’ प्रमाणपत्राची चळवळ वाढली.

तिची मुळं स्वीडनमधल्या फालशॉपिंग या छोट्या गावात आहेत. १९७८ मध्ये तिथे उपचाराला येणाऱ्या जखमींची पद्धतशीर नोंद सुरू झाली: जखम कुठे झाली, काय करताना, कशामुळे. त्या नोंदी समोर ठेवून आरोग्य कर्मचारी, शाळा आणि स्थानिक संस्था एकत्र आल्या आणि पहिल्या काही वर्षांत जखमींचं प्रमाण जवळपास चौथाईनं घटलं. अपघात म्हणजे नशिबाचा भाग, हा समज तिथल्या आकड्यांनी खोडून काढला.

सप्टेंबर १९८९ मध्ये स्टॉकहोमला अपघात आणि जखमा रोखण्यासाठीची पहिली जागतिक परिषद भरली. आरोग्य आणि सुरक्षितता यांवर प्रत्येक माणसाचा समान हक्क आहे, असा जाहीरनामा तिथे निघाला. त्याच वर्षी स्वीडनचंच लिडशॉपिंग हे जगातलं पहिलं प्रमाणित गाव ठरलं. प्रमाणपत्राचं काम पाहणारं जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेत होतं, आणि लेफ स्वानस्ट्रॉम हे या कामामागचं मोठं नाव.

नॉर्वेतल्या हार्स्टाडचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. रुग्णालयातल्या नोंदींतून दिसलं की लहान मुलं भाजतात ती स्वयंपाकघरात, शेगडीवरचं भांडं अंगावर ओढून घेतल्यामुळे. मग घरोघरी शेगडीला कठडा बसवण्याचा आणि नळाच्या गरम पाण्याचं तापमान कमी ठेवण्याचा आग्रह धरला गेला. गावातल्याच घटना आणि गावातलेच आकडे पालकांपर्यंत गेले. लहान मुलांच्या भाजण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं, तेही एका साध्या कठड्याच्या आणि सतत सांगत राहण्याच्या बळावर.

पुढे चळवळ पसरली. न्यूझीलंडमध्ये वायटाकेरे (१९९९), दक्षिण कोरियात सुवॉन (२००२), जपानमध्ये कामेओका (२००८) ही त्या त्या देशातली पहिली नावं. तैवानमध्ये १९९९ च्या भूकंपानं उद्ध्वस्त केलेलं डोंगशी पहिल्या प्रमाणित गावांमध्ये आलं. प्रमाणित गावं-शहरं तीनशेच्या पुढे गेली आणि चळवळीचा भर युरोपातून पूर्व आशियाकडे सरकला.

टिकण्याचं काय, हा प्रश्न मात्र पहिल्या गावापासूनच आहे. फालशॉपिंगचा दहा वर्षांनंतर आढावा घेतला, तेव्हा सुरुवातीची घट टिकली नसल्याचं दिसलं. अनेक गावांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावाही २००० नंतरच्या दशकात निघाला. काही ठिकाणी जखमा नक्की घटल्या, काही ठिकाणी फरक सिद्ध करता आला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं, आणि कस लागतो तो तिथेच. महापौर बदलतो, निधी दुसरीकडे वळतो, नोंदी ठेवणारा माणूस निवृत्त होतो. २०१५ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या केंद्राचं छत्र गेलं आणि प्रमाणपत्राचं काम स्टॉकहोममधल्या स्वतंत्र संस्थेकडे आलं. मोठं नाव मागे नसताना गावानं पुन्हा खटपट का करावी, याचं उत्तर तेव्हापासून प्रत्येक गावाला स्वतःच शोधावं लागतं.

आपल्याला हे नवं नाही. निर्मल ग्राम पुरस्कार २००५ पासून दिले गेले, तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. गावं झपाटून कामाला लागली आणि बदल खराच झाला. पण पुरस्काराची रक्कम आली, कमानीवर नाव लागलं, आणि त्यानंतर पुन्हा तपासायला येणार कोण? कित्येक निर्मल गावांत संडासांत सरपण भरलं गेलं, कित्येक तंटामुक्त समित्या कागदावर उरल्या. पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा देण्याची अट मला म्हणूनच जाचक वाटत नाही. आपल्या मोहिमांमध्ये नेमकी तीच नव्हती.

कोल्हापुरात माणसांची कमतरता कधीच नव्हती. महापुरात पेठापेठांतल्या तालमींची पोरं पाण्यात उतरली, व्हाईट आर्मी या बचावकार्य करणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक बोटी घेऊन गेले. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीमही निघते, कारण अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली भरलेली ट्रॉली दुचाकीस्वाराला दिसतच नाही. पण त्या मोहिमेनंतर किती धडका कमी झाल्या, हे पंचगंगेच्या पातळीसारखं चौकात कुणी सांगू शकत नाही.

त्यासाठी फालशॉपिंगचं पहिलं वर्ष इथे व्हायला हवं. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात आणि तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत येणाऱ्या प्रत्येक जखमीबद्दल रस्ता, वेळ, वाहन, विहीर की शेत एवढं एका ओळीत लिहिलं जावं. खासगी दवाखान्यांनाही त्यात घ्यावं लागेल, कारण रात्री धडक झाली की नातेवाईक अनेकदा आधी तिकडेच धावतात. आणि दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तालमीच्या दारात लागावा.