पुढचं चाक जाड करायचंय: टायर बदलायचा की रिम?

रॉयल एनफील्डच्या जुन्या क्लासिक ३५० ला पुढे ९०/९०-१९ चा टायर येतो, २०२१ नंतरच्या नव्या क्लासिकला १००/९०-१९ चा. नवी गाडी शेजारी उभी दिसली की जुन्याचा मालक टायरवाल्याकडे जाऊन ‘पुढचं चाक जाड करून द्या’ म्हणतो. यात दोन निराळी कामं आहेत. एक, आहे त्याच रिमवर मोठा टायर चढवणं. दुसरं, रिमच रुंद घालणं.

टायर चढवणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पण टायरवरचा पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा मात्र मिलिमीटर नसून त्या रुंदीच्या किती टक्के उंची ते सांगतो, आणि घोळ तिथेच होतो. ९० चे ९० टक्के म्हणजे ८१ मिमी उंची. १०० चे ९० टक्के म्हणजे ९० मिमी. मागितली रुंदी, सोबत उंचीही आली: चाकाचा व्यास १८ मिमीने वाढला. मडगार्डखालची फट ९ मिमीने घटली, पावसाळ्यात चिखल तिथेच बसणार. जुन्या क्लासिकची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातूनच येते, त्यामुळे काट्यावर पूर्वीचे ६० आता प्रत्यक्षात ६२ च्या आसपास.

एवढं करून रुंदी तरी पुरती मिळते का? रिमवर १.८५ (म्हणजे इंच) असा शिक्का असेल, तर ती आतून ४७ मिमी रुंद. १०० च्या टायरला निदान २.१५ इंचांची रिम हवी. त्याहून अरुंद रिमवर कडा आत ओढल्या जातात, टायरचा माथा फुगतो आणि सरळ रस्त्यावर मधलीच पट्टी झिजत राहते. वर वळणात गाडी तिरकी होतानाचा अंदाज चुकतो, तो वेगळाच.

रिम रुंद केली की उलट घडतं. टायर तोच ठेवला तर अर्ध्या इंचामागे साधारण ५ मिमी रुंदी वाढते, उंची जवळपास तेवढीच राहते. मात्र स्पोक उतरवून चाक नव्याने बांधावं लागतं, ते फोर्कच्या बरोबर मध्ये आणावं लागतं. हे काम जाणणारा मेस्त्री हवा. अलॉय, म्हणजे बिनस्पोकचं ओतीव चाक असेल, तर अख्खं चाकच बदला.

‘जाड टायर रस्ता जास्त धरतो’ हे अर्धंच खरं. गाडीचं वजन आणि हवा तीच असेल, तर टेकलेला भाग फारसा वाढत नाही. आखूड आणि आडवा होतो, इतकंच. हँडल मात्र जड झाल्याचं लगेच कळतं. माझं विचाराल तर पुढे ९०/९० च ठेवा, चांगल्या रबराचा घ्या. १०० च हवा असेल, तर आधी रिम धुऊन तिच्यावरचा आकडा वाचा.