खडपावरचे चौघे

श्रावणातली शुद्ध चतुर्थी. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गाच्या पायऱ्या उतरून चार मुलं थेट खडपावर, म्हणजे समुद्रालगतच्या कातळावर गेली होती. वय वीस-बावीस. तिघं पाण्याकडे पाठ करून उभे, चौथ्याच्या हातात मोबाईल. एक लाट आली, तिघांना कमरेपर्यंत भिजवून गेली. एकाचा पाय शेवाळावरून सटकला, दुसऱ्याने त्याचा शर्ट धरून ओढला. सावरल्यावर पडलेल्याचा पहिला प्रश्न होता, "घेतलं का रे?" "नाय रे, हललं. परत."

ते "परत" माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. गुडघा सोलवटलेला दिसत असताना माणूस परत तिथेच का उभा राहतो?

अशा मुलांना आपण बेअक्कल म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ती आपल्याच घरातली, एरवी शहाणी मुलं असतात. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी 306 जणांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला. सिग्नल कधीही लाल होणार, तोवर जितकं पुढे जाल तितके गुण. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी दोस्त शेजारी असताना. 2005 साली आलेल्या या अभ्यासात दोस्त बघत असताना किशोरवयीन आणि कॉलेजच्या वयाच्या मुलांनी स्पष्टपणे जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर दोस्तांचा फारसा परिणाम झाला नाही.

आता त्या दोन-तीन दोस्तांच्या जागी मोबाईलमधून बघणारे हजारो डोळे ठेवा. लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी 13 ते 18 वर्षांच्या 32 मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून फोटो दाखवले. फोटोखालचे लाईक संशोधकांनीच ठरवलेले होते. स्वतःच्या फोटोला भरपूर लाईक दिसले की मेंदूतलं बक्षिसाशी जोडलेलं केंद्र उजळायचं. धोकादायक वागण्याचे फोटो बघताना तर स्वतःला आवर घालणाऱ्या भागांचं काम मंदावत होतं. हा अभ्यास 2016चा.

लाईक मिळतात तेही अवचित. एकोणीस रील कुणी बघत नाही, विसावी गावभर फिरते. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन दाखवलं की डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी ठरलेल्या बक्षिसाला थंड राहतात आणि अनपेक्षित बक्षिसाला उसळतात. त्याआधी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांनी हेच दाखवलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारणं सहजी सोडत नाही. विसावी रील कधी येईल हे ठाऊक नसल्यामुळेच मुलं एकविसावीला उभी राहतात.

आणि समोरचा समुद्रही तसाच बिननेमाचा. "दहा मिनिटं बघितलं काका, इथपर्यंत पाणी येत नाही," असं मला त्या चौघांतल्या एकाने आधी सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पण दहा मिनिटांत लाटा येतात साठ-सत्तर. पावसाळ्यात वेगवेगळ्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि माथ्यावर माथा आला की अचानक मोठी लाट उभी राहते. हजारभर लाटा मोजल्या, त्यांतल्या मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढली, तर त्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट त्या हजारांत असते. हजार लाटांना लागतात दोन ते तीन तास. दहा मिनिटं बघणाऱ्याच्या नजरेला ती सहसा पडतच नाही. शिवाय एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलोहून जास्त वजन. ते मांडीला लागलं तर बुळबुळीत कातळावर कुणाचाही पाय टिकत नाही.

दर वेळी सुखरूप परतलं की मन शिकतं, "काही होत नाही." एकीकडे न झालेल्या अपघाताने भीती विरते, दुसरीकडे न मिळालेल्या लाईकने ओढ वाढते. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळातल्या बातम्या चाळून दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी सेल्फी काढताना झालेले 259 मृत्यू मोजले. सर्वांत जास्त भारतात. कारणांत सर्वांत वर बुडणं.

किनाऱ्यावरच्या माणसांकडे मात्र समुद्राचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा पाऊण तासाचा आडाखा जमतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, एवढंच. त्या दिवशी चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. मुलं खडपावर होती अडीचला, आणि अमावास्येचं उधाण अजून उतरलं नव्हतं.

चहाच्या टपरीवरची आजी पायऱ्यांपाशी आली आणि ओरडली, "वर या रे बाळांनो! तीनची भरती हाय, पानी चढतंय!" तिघांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग तिने मोबाईलवाल्यालाच हाक मारली, "तू ये आधी. ते खिशात टाक नि वर ये." तो क्षणभर घुटमळला. मग त्याने मोबाईल खरंच खिशात टाकला आणि पायरीकडे वळला. पाठोपाठ तिघंही निघाले, कुणी "परत" म्हणालं नाही.

टपरीत एकाच्या गुडघ्याला हळद लावत आजी काहीतरी पुटपुटत होती. तीन वाजून गेले तेव्हा मी पुन्हा कड्यावरून खाली बघितलं. ते उभे होते ते खडप पाण्याखाली गेलं होतं.