घरपट्टीचं टेबल आणि साहेबांची केबिन

मार्च लागला की नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयांत घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीची धावपळ सुरू होते. पंचवटी असो वा सातपूर, लिपिकाची वेतनश्रेणी तीच आणि वर्षाची 3 टक्के वेतनवाढही तीच. तरी एका टेबलावरची फाईल दोन दिवसांत पुढे सरकते आणि दुसऱ्यावरची महिनाभर हलत नाही. असं का?

पगार कमी म्हणून काम होत नाही, हे उत्तर इंडोनेशियात तपासून झालं आहे. तिथे शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट झालं. शिक्षक खूश झाले, जोडधंदे कमी झाले, पैशांची चिंता हलकी झाली. मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही. म्हणून पगार वाढवूच नये, असा अर्थ कुणी काढू नये. ज्याचं घर भागत नाही, त्याच्याकडून मन लावून कामाची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. पण काम करो वा न करो, जी वाढ मिळणारच आहे, ती कामाला बळ देत नाही.

मग पैसा थेट कामाशी जोडला तर? पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात मालमत्ता कर वसूल करणाऱ्यांना जादा वसुलीतला वाटा दिला गेला. दोन वर्षांत वसुलीवाढीचा वेग इतरांपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त निघाला. मात्र ज्यांची कर आकारणी बदलली नाही, अशा अनेक घरमालकांनी लाच वाढल्याचं सांगितलं. पुढच्या प्रयोगात बक्षीस होतं हव्या त्या जागी बदलीचं. वसुलीच्या कामगिरीनुसार लावलेल्या यादीत जो वर, त्याला जागेची आधी निवड. त्यानेही वसुलीवाढीचा वेग 30 ते 41 टक्क्यांनी वाढला, आणि खर्च जवळपास शून्य. बदलीसाठी आपल्याकडे कर्मचारी किती हेलपाटे घालतात, हे पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

वसुली आकड्यात मोजता येते. सगळी कामं तशी नसतात, आणि इथेच साहेब कसा आहे याला महत्त्व येतं. नायजेरियातल्या सुमारे 4,700 सरकारी कामांच्या अभ्यासात दिसलं, की हाताखालच्यांना निर्णयाची मोकळीक होती तिथे कामं जास्त पुरी झाली. बक्षीस आणि देखरेखीवर जास्त भर होता, तिथे कमी. उलट तेलंगणात 2018 मध्ये शेतकऱ्यांना मदतीचे धनादेश वाटताना, ‘मिळाला का, हे आम्ही फोन करून विचारणार’ एवढं अधिकाऱ्यांना कळवल्यानेच वाटप सुधारलं. धनादेश पोचवणं हे ठरलेलं, साधं काम. तिथे नजर पुरते.

2027 च्या सिंहस्थात पहाटे तीनला रामकुंडावर गर्दी अचानक वाढली, तर तिथल्या स्वच्छता निरीक्षकाला कुठलं परिपत्रक वाट दाखवणार? जादा माणसं कुठून वळवायची, हे त्याला त्याच क्षणी ठरवावं लागेल. तो ठरवेल की वरच्या फोनची वाट पाहत थांबेल, हे आधीच्या दोन वर्षांत त्याच्या लहान-लहान निर्णयांच्या वेळी साहेब पाठीशी उभे राहिले होते का, यावर अवलंबून असेल.